ग्रंथसंग्रह, कला व वास्तुकलाविषयक
मुद्रणाबाहेर गेलेले वास्तुकला, चित्रकला, शिल्पकला व तत्संबंधित विषयांवरील ग्रंथ जाणीवपूर्वक मिळविणे, पारखणे व जतन करणे यास कला व वास्तुकलाविषयक ग्रंथसंग्रह असे म्हणता येईल. सर्वसाधारण दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहाचीच ही एक शाखा असली, तरी तिचे काही वेगळे विशेष आहेत. कादंबरीच्या किंवा इतिहासग्रंथाच्या जुन्या आवृत्तीतील मजकूर नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उतरतो. कलाग्रंथाचे तसे होत नाही. त्यातील चित्रपत्रे, त्यांचे आकारमान, छपाईची पद्धत, कागद व रंग हा ग्रंथाच्या आशयाचाच भाग असतो व पुनर्मुद्रणात नेमका तोच भाग सर्वांत अधिक गमावला जातो. त्यामुळे मूळ आवृत्तीला असलेली मागणी केवळ हौसेची नसून बऱ्याच अंशी अभ्यासाची असते. या ग्रंथांच्या किमती काळानुसार का वाढतात, याचे उत्तरही पुष्कळसे येथेच सापडते.

ऐतिहासिक आढावा : वास्तुकलेवरील पहिला छापील ग्रंथ म्हणजे लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती याचा १४८५ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झालेला लॅटिन ग्रंथ होय. त्यानंतर लवकरच, सु. १४८६ मध्ये, रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस याचा प्राचीन ग्रंथ रोममध्ये छापला गेला. या दोन्हींत वास्तूंची चित्रे नव्हती. व्हिट्रूव्हिअसची पहिली सचित्र आवृत्ती १५११ मध्ये व्हेनिस येथे निघाली आणि तेथून वास्तुग्रंथ हा प्रामुख्याने पाहावयाचा ग्रंथ झाला. आंद्रेआ पाल्लाद्यो (१५०८–८०) याने १५७० मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या चार भागांच्या ग्रंथाने तर इंग्लंड-अमेरिकेपर्यंतच्या वास्तुशैलींना वळण लावले. ज्या वास्तुशिल्पज्ञांनी इटली कधी पाहिली नव्हती, त्यांनी या ग्रंथातील लाकडी ठशांच्या चित्रांवरून घरे बांधली. अशा ग्रंथांचे पहिले संग्राहक हे स्वतः वास्तुशिल्पज्ञ, कारागीर किंवा इमारती बांधवून घेणारे जमीनदार होते. ग्रंथ त्यांच्या दृष्टीने हत्यारासारखा होता. तो वापरला जाई, फाटे, त्यावर शाईचे डाग पडत. जुन्या वास्तुग्रंथांच्या स्वच्छ प्रती दुर्मिळ असण्याचे हे एक साधे कारण आहे.

अठराव्या शतकात प्राचीन अवशेषांचे मोजमाप घेऊन भव्य आकाराचे ग्रंथ काढण्याची प्रथा पडली. पामायरा (१७५३), स्प्लिट येथील डायोक्लीशनचा राजवाडा (१७६४) व अथेन्स (पहिला खंड १७६२) यांवरील इंग्रजी ग्रंथ या प्रकारचे आहेत. त्यांचा खर्च बहुधा आगाऊ वर्गणीदारांकडून भागविला जाई आणि प्रती मर्यादित निघत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खाजगी संग्रहांचे सार्वजनिक संस्थांत रूपांतर होऊ लागले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एव्हरी ग्रंथालय १८९० मध्ये एका अकाली निधन पावलेल्या तरुण वास्तुशिल्पज्ञाच्या स्मरणार्थ त्याच्या आईवडिलांनी स्थापिले. बॉल्टिमोर येथील वास्तुशिल्पज्ञ लॉरेन्स हॉल फाउलर याचा संग्रह जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे गेला व त्याची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची हे विक्रेते व संग्राहक यांचे नेहमीचे साधन बनले. माँट्रिऑल येथील कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चर (स्थापना १९७९) या संस्थेनेही वास्तुग्रंथांचा मोठा संग्रह उभा केला. ग्रंथ एकदा अशा संस्थेत गेला की, तो सहसा पुन्हा बाजारात येत नाही. बाजारातील प्रतींची संख्या अशा रीतीने सतत घटत राहते.

मूल्यवृद्धीची कारणे : ग्रंथ जुना आहे एवढ्यावरून तो मौल्यवान ठरत नाही. सतराव्या शतकातील कितीतरी धर्मप्रवचने आजही अल्प किमतीत मिळतात. उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही कलाग्रंथ पंचवीस-तीस वर्षांत मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जातात. मागणी टिकून असणे व पुरवठा वाढण्यास वाव नसणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे किंमत चढते. कलाग्रंथांच्या बाबतीत पुरवठा अनेक कारणांनी खुंटतो. रंगीत चित्रपत्रांचे ठसे तयार करणे खर्चाचे असल्याने पहिली आवृत्तीच लहान काढली जाते. ठसे किंवा फिल्म नष्ट झाल्यावर तोच दर्जा पुन्हा साधता येत नाही. चित्रांच्या व छायाचित्रांच्या हक्कांची परवानगी एकाच आवृत्तीपुरती घेतलेली असते व पुढे ती नव्याने मिळविणे प्रकाशकास परवडत नाही. काही वेळा खुद्द लेखक किंवा कलावंतच पुनर्मुद्रणास राजी नसतो. शिवाय न खपलेल्या प्रती प्रकाशक पुष्कळदा सवलतीने फुंकून टाकतो किंवा रद्दीत घालतो. आज शोधले जाणारे अनेक ग्रंथ एके काळी असेच पडून राहिलेले होते.

अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याच्या आराखड्यांचा बर्लिन येथे व्हासमुट या प्रकाशनसंस्थेने १९१०-११ मध्ये काढलेला संच हे अपघाताने आलेल्या दुर्मिळतेचे उदाहरण आहे. सुट्या शंभर चित्रपत्रांच्या या संचाने यूरोपातील तरुण वास्तुशिल्पज्ञांवर खोल परिणाम केला. अमेरिकेत विकण्यासाठी राइटने ठेवून घेतलेल्या बहुतेक प्रती मात्र त्याच्या टॅलिएसिन या निवासस्थानाला १९१४ मध्ये लागलेल्या आगीत जळून गेल्या. परिणामी ज्या देशातील इमारती या संचात होत्या, त्याच देशात तो विशेष दुर्मिळ ठरला.

याउलट एड रुशे या अमेरिकन चित्रकाराच्या पुस्तकांचे उदाहरण आहे. रस्त्याकडेच्या सव्वीस पेट्रोल-पंपांच्या साध्या छायाचित्रांचे त्याचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. पहिल्या आवृत्तीच्या चारशे क्रमांकित प्रती होत्या व किंमत साडेतीन डॉलर होती. पुस्तक स्वस्त, लहानखुरे व कोणालाही घेता येईल असे असावे, हाच त्याचा हेतू होता. १९६७ व १९६९ मध्ये त्याने पुढील आवृत्त्याही काढल्या. पुढे हे पुस्तक ‘कलावंताचे पुस्तक’ या नव्या प्रकाराचा आरंभ म्हणून मानले गेले आणि पहिल्या आवृत्तीची प्रत हजारो डॉलरांना विकली जाऊ लागली. स्वस्ताईसाठी केलेली वस्तूच अशी चैनीची व्हावी, हा या बाजाराचा स्वभाव आहे.

पुनर्मुद्रणात आशय कसा बदलतो, हे रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनोर यांच्या लास व्हेगस नगरीवरील ग्रंथावरून दिसते. १९७२ मध्ये एमआयटी प्रेसने तो मोठ्या आकारात काढला. त्याची मांडणी म्यूरिएल कूपर या रचनाकर्तीने केली होती. लेखकांना ही मांडणी मान्य नव्हती. साध्यासुध्या, बाजारी वास्तूंचे समर्थन करणारा ग्रंथ इतक्या भपकेबाज आधुनिक वेशात यावा, हे त्यांना विसंगत वाटत होते व विद्यार्थ्यांना तो परवडतही नव्हता. म्हणून १९७७ मध्ये संक्षेप व फेरफार करून लहान आकाराची स्वस्त आवृत्ती काढण्यात आली. जगभरच्या विद्यार्थ्यांनी वाचली ती हीच. परंतु मोठ्या आकारातील नकाशे, तक्ते व छायाचित्रांच्या पट्ट्या तीत राहिल्या नाहीत, आणि लेखकांना न आवडलेली पहिली आवृत्तीच संग्राहकांनी डोक्यावर घेतली. अखेर २०१७ मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेने तिचे प्रतिरूप मुद्रण केले. ज्याला व्हेंच्युरींचा युक्तिवाद समजून घ्यावयाचा आहे, त्याने दुसरी आवृत्ती वाचावी. तो युक्तिवाद कोणत्या सामग्रीवर उभा होता हे पाहावयाचे असेल, तर पहिली उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

स्विस वास्तुशिल्पज्ञ पीटर झुमटोर याच्या १९७९ ते १९९७ या काळातील कामांवरील १९९८ चा ग्रंथ मुद्रणाबाहेर गेल्यावर त्याची किंमत अशीच चढली होती. २०१४ मध्ये त्याच्या समग्र कामाचे पाच खंड निघाल्याने अभ्यासकांची गरज भागली. वास्तुशिल्पज्ञांच्या व्यवसायात संदर्भाची निकड मोठी असते व पैसाही असतो. म्हणून या शाखेत अलीकडचे ग्रंथही लवकर महाग होतात. लुई कान याच्या १९३५–७४ या काळातील संपूर्ण कामाचा हाइन्त्स रोनर, शरद झवेरी व आलेस्सांद्रो व्हासेल्ला यांनी संपादिलेला ग्रंथ (१९७७, दुसरी आवृत्ती १९८७) भारतीय वास्तुशिल्पज्ञही याच कारणाने शोधीत असतात. कान याची अहमदाबाद येथील व्यवस्थापनसंस्थेची वास्तू त्याच्या मूळ रेखनांसह त्यात अभ्यासता येते.

भारतविषयक ग्रंथ : भारतीय वास्तू व कला यांवरील संग्राह्य ग्रंथांत टॉमस व विल्यम डॅन्येल या चुलत्या-पुतण्यांच्या १७९५ ते १८०८ या काळात लंडन येथे निघालेल्या चित्रसंचाचे स्थान पहिले आहे. सहा भागांतील १४४ ॲक्वाटिंट चित्रे व त्यांवर हाताने भरलेले रंग असे त्याचे स्वरूप होते. संपूर्ण संचाची त्या काळातील किंमतच २१० पौंड होती. तो आरंभापासूनच श्रीमंतांसाठी होता. यातील वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रे मात्र डॅन्येलांनी प्रत्यक्ष पाहून काढलेली नाहीत. ती जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखनांवरून केलेली आहेत. वेल्स हा पुण्यात पेशवे दरबारी चित्रे काढीत असे. सवाई माधवराव पेशव्यांच्या वेळी शनिवारवाड्यात काढलेल्या चित्रशाळेशी त्याचा संबंध होता आणि गंगाराम तांबट हा त्याच्या सहवासातील मराठी चित्रकार वेरूळच्या रेखनांतही सहभागी होता. वेल्स १७९५ मध्ये वारला व त्याचे अपुरे काम डॅन्येलांच्या हाती गेले. वेरूळविषयक भाग सुटाही आढळतो. १८१२–१६ मध्ये निघालेली लहान आकाराची आवृत्ती मूळ संच म्हणून दाखविली जाण्याचा संभव असतो; आकार मोजल्याखेरीज खात्री मानू नये.

बंगलोर येथील न्यायाधीश रामराज यांचा हिंदू वास्तुशास्त्रावरील प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी छापला गेला. शिल्पशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांच्या आधारे भारतीय लेखकाने इंग्रजीत लिहिलेला हा पहिला महत्त्वाचा ग्रंथ होय. जेम्स फर्ग्युसन (१८०८–८६) याचे लेण्यांवरील (१८४५) व हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंवरील (१८४८) शिलामुद्रित चित्रसंच, त्याने जेम्स बर्जेस (१८३२–१९१६) याच्या सहकार्याने लिहिलेला भारतातील लेण्यांवरील ग्रंथ (१८८०) आणि बर्जेसचे पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीचे खंड ही पश्चिम भारताच्या अभ्यासकाची मूळ साधने आहेत. हेन्री कझिन्स याचे विजापूर (१९१६) व दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरे (१९३१) यांवरील खंड त्याच परंपरेतील आहेत. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातील हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक मंदिरांची मोजमापे घेतलेली आहेत. पुढे त्यांतील काहींची डागडुजी झाली, काहींवर रंग चढले. त्यांच्या पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून या चित्रपत्रांना महत्त्व आहे.

अहमदाबाद, विजापूर व धारवाड-म्हैसूर येथील वास्तूंवरील तीन ग्रंथ १८६६ मध्ये लंडन येथे जॉन मरी या प्रकाशकाने काढले. त्यांचा खर्च मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सोसला होता : अहमदाबाद व धारवाड-म्हैसूरच्या ग्रंथांना प्रेमचंद रायचंद यांचा, तर विजापूरच्या ग्रंथास करसनदास माधवदास यांचा आश्रय होता. कापसाच्या तेजीत मिळविलेल्या पैशाचा हा सद्व्यय म्हणावा लागेल. १८६५ मध्ये ती तेजी ओसरली व ग्रंथ बाहेर पडले, तेव्हा मुंबईतील पेढ्या एकामागून एक बुडत होत्या. या ग्रंथांत छापील चित्रांऐवजी अल्ब्युमेन पद्धतीची मूळ छायाचित्रे प्रत्येक प्रतीत चिकटविलेली आहेत. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती त्यामुळे सारख्या नसतात. एकीत छायाचित्रे टवटवीत, तर दुसरीत पिवळी पडून कडांपाशी विरलेली दिसतात व किमतीतही तेवढाच फरक पडतो.

अजिंठ्याचा दाखला : मूळ कलाकृती झिजत असता ग्रंथ हाच तिचा साक्षीदार कसा ठरतो, याचे अजिंठ्याहून बोलके उदाहरण नाही. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून सु. वीस वर्षे तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असता १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम हाती घेतले. हिवाळ्यातील काही महिने लेण्यांत काढावयाचे व मचाणावर चढून अंधुक उजेडात चित्रे उतरून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. या प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे पाठविल्या गेल्या आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागून त्यांतील पुष्कळ जळाल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात चित्रप्रसंग व दुसऱ्यात अलंकरणाचे तपशील आहेत. आगीत गेलेल्या कित्येक चित्रांचे दर्शन आता केवळ याच खंडांतून घडते. दुर्दैव असे, की चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर वॉर्निश चढविण्यात आले व पुढे ते काळवंडून मूळ चित्रांची हानी झाली. विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले रंग आज भिंतीवर तसे उरलेले नाहीत.

यानंतर लेडी हेरिंगॅम हिच्या नेतृत्वाखाली नंदलाल बोस आदी बंगाली चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला. जपानी चित्रकारांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात तोक्यो येथे नष्ट झाल्या. हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानी यांचे रंगीत छायाचित्रांवर आधारलेले चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. ग्रिफिथ्स, हेरिंगॅम व याझदानी यांचे ग्रंथ शेजारी ठेवून एकच चित्र पाहिले, तर साठ वर्षांत कोणता तुकडा गळाला व कोणता रंग उतरला हे दिसते. असा संच एका ठिकाणी असणे ही संशोधनाची गरज आहे. ग्रिफिथ्सच्या खंडांचे १९८० नंतर दिल्लीत पुनर्मुद्रण झाले, पण रंगाच्या तुलनेसाठी त्यावर विसंबता येत नाही.

भारतीय प्रकाशने : मुंबईच्या तारापोरवाला या प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक सचित्र ग्रंथ काढले. पर्सी ब्राउन याचा भारतीय वास्तुकलेवरील दोन खंडांचा ग्रंथ (१९४२) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. वास्तुकलेच्या अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला असल्याने जीर्ण प्रती विपुल व चांगल्या प्रती थोड्या आढळतात. पुढील आवृत्त्यांतून चित्रपत्रांचा उठाव कमी होत गेला. स्टेला क्रामरिश यांच्या हिंदू मंदिरावरील ग्रंथाचेही (कलकत्ता, १९४६) असेच आहे. १९७६ च्या पुनर्मुद्रणाने मजकूर सर्वांना उपलब्ध झाला हे मोठेच काम झाले, पण छायाचित्रे पाहावीत ती मूळ आवृत्तीतच. आनंद कुमारस्वामी (१८७७–१९४७) यांच्या मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथाच्या (१९०८) ४२५ प्रती विल्यम मॉरिसने पूर्वी वापरलेल्या हातयंत्रावर काढल्या होत्या. तो ग्रंथ कलेचा अभ्यासक व ग्रंथमुद्रणाचा रसिक अशा दोघांनाही हवा असतो.

मराठी वाचकांच्या जवळची उदाहरणेही आहेत. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः चित्रे काढून प्रसिद्ध केलेले चित्ररामायण (१९१६), तसेच त्यांची वेरूळ (१९२९) व अजिंठा (१९३२) यांवरील पुस्तके संग्राहक मिळवीत असतात. म. वि. धुरंधर यांची चित्रे असलेली इंग्रजी पुस्तके—विशेषतः भारतीय स्त्रियांवरील ऑटो रॉथफील्डचे पुस्तक (१९२०)—चित्रांसाठीच घेतली जातात. धुरंधरांचे कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे (१९४०) हे आत्मकथन मात्र मजकुरासाठी मोलाचे; मुंबईच्या कलाशाळेचा आतून लिहिलेला वृत्तांत म्हणून त्याला पर्याय नाही. गोव्याच्या वास्तूंसाठी जोझे निकोलाउ द फोन्सेका यांचा जुन्या गोव्यावरील ग्रंथ (मुंबई, १८७८) मूळ साधन समजला जातो. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मार्ग या नियतकालिकाचे जुने अंक, त्यांतही चंडीगढवरील डिसेंबर १९६१ चा अंक, आता ग्रंथांप्रमाणेच जमविले जातात.

पारख : प्रत विकत घेण्यापूर्वी तिच्या पत्रांचा ताळा घेणे ही पहिली पायरी होय. शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका व चित्रपत्रांची यादी यांच्याशी प्रत्येक पान ताडून पाहावे. चित्रपत्रे सुटी असलेल्या संचांत हे अधिकच आवश्यक असते. जयपूर संस्थानातील अभियंता स्विंटन जेकब याने १८९० पासून काढलेल्या वास्तुतपशिलांच्या बारा भागांच्या संचात पत्रे मुद्दामच सुटी ठेवली होती. कारागिराला हवे ते पत्र उचलून कामावर नेता यावे, असा त्यामागील उद्देश होता. उद्देश सफळ झाला, म्हणूनच पूर्ण संच क्वचित आढळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्ती व ठसा यांचा निर्णय. इटालियन कलावंत जोव्हान्नी बात्तीस्ता पीरानेसी (१७२०–७८) याच्या तुरुंगांच्या कल्पनाचित्रांच्या चौदा पत्रांचा पहिला संच सु. १७५० मध्ये निघाला व १७६१ मध्ये त्यानेच ताम्रपट पुन्हा कोरून, अधिक गडद करून सोळा पत्रांचा संच काढला. त्याच्या मृत्यूनंतर ताम्रपट मुलांनी पॅरिसला नेले, तेथे १८३५–३९ मध्ये नवे ठसे काढले गेले व १८३९ मध्ये ते रोमला परत आल्यावरही छपाई चालूच राहिली. या सर्वांना पीरानेसीची ‘मूळ’ चित्रे म्हणता येते आणि विक्रेते तसे म्हणतातही. परंतु आरंभीच्या ठशातील बारीक रेषा झिजलेल्या ताम्रपटावरून उतरत नाहीत. कागद, त्यातील जलचिन्ह व रेषांची धार पाहूनच काळ ठरवावा लागतो.

विसाव्या शतकातील ग्रंथांच्या बाबतीत बाहेरील कागदी वेष्टनाला फार महत्त्व आले आहे. हे वेष्टन पूर्वी लोक फाडून टाकीत. आता ते असल्यास किंमत कित्येक पट वाढते. ग्रंथालयाचे शिक्के, कापलेल्या कडा, नवी बांधणी यांमुळे किंमत उतरते. लेखकाची किंवा प्रसिद्ध मालकाची स्वाक्षरी असल्यास ती चढते. मात्र ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत रद्द केल्याची स्पष्ट नोंद नसेल, तर ती चोरीची असण्याची शक्यता गृहीत धरून चौकशी करणे इष्ट. पिट्सबर्ग येथील कार्नेगी ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या दालनातून अनेक वर्षे ग्रंथ व चित्रपत्रे नाहीशी होत असल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ती रीतसर बाजारातून प्रामाणिक ग्राहकांच्या हाती पोहोचलेली होती.

ग्रंथ फोडण्याची प्रथा : सचित्र ग्रंथाच्या किमतीपेक्षा त्यातील चित्रपत्रांची सुटी बेरीज जास्त भरू लागली, की विक्रेता ग्रंथ फोडतो व चित्रे चौकटीत घालून विकतो. डॅन्येलांची चित्रे, जुने नकाशे व वनस्पतिचित्रे यांवर हे संकट विशेष आले आहे. फोडलेला प्रत्येक संच हा उरलेल्या पूर्ण संचांची किंमत वाढवितो व ज्ञानाचा एक दुवा कायमचा तोडतो. कारण चित्राशेजारचा मजकूर, क्रम व मोजमापाचे टिपण यांपासून सुटलेले चित्र केवळ शोभेचे राहते. कायद्याने मालकाला हे करता येते. तरीही आधीच अपुऱ्या असलेल्या प्रती सोडल्या, तर या प्रथेचे समर्थन करणे कठीण आहे.

बाजार व नवी साधने : १९९० नंतर विक्रेत्यांच्या याद्या संगणकीय जाळ्यावर आल्याने या व्यवहाराचे स्वरूप पालटले. पूर्वी मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, काळबादेवीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा रद्दीच्या ढिगात जाणकाराला अकस्मात लाभ होत असे, कारण विक्रेत्यास वस्तूची कल्पना नसे. आता जगभरच्या किमती घरबसल्या कळतात. त्यामुळे अनेक ग्रंथ समजले जात तेवढे दुर्मिळ नाहीत हे उघड झाले व मध्यम दर्जाच्या ग्रंथांच्या किमती घसरल्या. खरोखर दुर्मिळ ग्रंथांच्या मात्र वाढल्या. यादीत मागितलेली किंमत व प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत अंतर असते, हे नवख्या संग्राहकाच्या ध्यानात येत नाही. लिलावातील नोंदी त्या मानाने भरवशाच्या. शिवाय ग्रंथ विकावयास गेल्यास विक्रेता आपला नफा, जोखीम व गुंतून पडणारे भांडवल वजा करूनच किंमत देतो. म्हणून ग्रंथसंग्रहाकडे निव्वळ गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांची बहुधा निराशा होते. पुनर्मुद्रणाच्या नुसत्या घोषणेनेही भाव खाली येतात आणि दिवाणखान्यातील मेजावर ठेवण्यासाठी काढलेले भपकेदार चित्रग्रंथ तर प्रसिद्धीनंतर थोड्याच वर्षांत निम्म्याने मिळू लागतात.

बर्जेस, फर्ग्युसन व ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथांची संगणकीय प्रतिरूपे आता विनामूल्य पाहता येतात. अभ्यासाच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ आहे. परंतु घडीची मोठी चित्रपत्रे पुष्कळदा न उलगडताच टिपली गेली आहेत व रंग विश्वसनीय नाहीत. प्रतिरूप उपलब्ध आहे या सबबीवर मूळ प्रत काढून टाकणे म्हणूनच धोक्याचे. १९७२ च्या पुरावस्तू व कलामूल्यवस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. परदेशी विक्री करू इच्छिणाऱ्याने जुना ग्रंथ पाठविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय घेणे श्रेयस्कर ठरते.

जतन : कोकण किनाऱ्यावरील दमट हवा ग्रंथांस घातक असते. पावसाळ्यात बुरशी, कसर व वाळवी यांचा उपद्रव होतो. चकचकीत लेप दिलेला कलामुद्रणाचा कागद ओला झाल्यास पाने एकमेकांस कायमची चिकटतात. अशा ग्रंथाला पाणी लागल्यास पाने वाळण्यापूर्वीच विलग करावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आलेल्या लाकडी लगद्याच्या कागदात आम्ल असल्याने तो तपकिरी होऊन कडांपाशी मोडतो, तर त्यापूर्वीचा चिंध्यांचा कागद अधिक टिकतो. मोठ्या आकाराचे ग्रंथ उभे ठेवल्यास पानांच्या भाराने जुजबंदी सैल होते, म्हणून ते आडवे ठेवतात. चिकटपट्टीचा वापर पूर्णपणे टाळावा. फाटलेले पान गव्हाच्या खळीने व पातळ जपानी कागदाने सांधतात, म्हणजे पुढे गरज पडल्यास ते पाण्याने सोडविता येते. भिंतीला लागून असलेली कपाटे चार बोटे पुढे ओढून ठेवणे व पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी प्रत्येक ग्रंथ उघडून पाहणे एवढ्याने बरीचशी हानी टळते. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवण्याची घरगुती पद्धत किडीस काही प्रमाणात दूर ठेवते, परंतु बुरशीवर तिचा उपयोग होत नाही.